उसण भरली, पण साक्षीदार कुठे?
तांजोंग पगारमधील ओझ्याच्या दुखापती आणि भरपाईचे वाद



आपल्या भाषेत ‘उसण भरणे’ असा एक फार नेमका शब्दप्रयोग आहे. वाकून घागर उचलावी, पोते पाठीवर घ्यावे किंवा कपाट सरकवावे, आणि पाठीत अशी कळ यावी की माणूस आहे तिथेच थिजावा, ती उसण. गावाकडे तिच्यावरचे उपायही ठरलेले आहेत. विटेचा शेक, तिळाचे तेल, नाहीतर एखाद्या पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेणे. सिंगापूरला आल्यावर विटेची जागा टायगर बामने घेतली, पण सवय तीच राहिली. “उसण आहे, उतरेल दोन दिवसांत,” असे म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे.

घरातल्या दुखण्याला ही सवय चालते. कामाच्या जागी भरलेल्या उसणीला मात्र ती फार महाग पडते. यंत्रात बोट सापडले तर रक्त दिसते, चार माणसे धावतात, रुग्णवाहिका येते. पाठीच्या दुखापतीला ना रक्त, ना टाका, ना साक्षीदार. म्हणून कामावरच्या अपघाताच्या भरपाईचे जे दावे अडतात, त्यांत ओझे उचलताना झालेल्या दुखापतींचे दावे लढवायला विशेष अवघड असतात.

आपल्या सभासदांपैकी कितीतरी जण तांजोंग पगारच्या उंच इमारतींत नोकरी करतात. काही हॉटेलांत व रुग्णालयांत आहेत, काही जहाज व्यवसायात, काहींचा खाद्यपदार्थ पुरवण्याचा छोटा धंदा आहे. बहुतेकांच्या घरी कामाला मदतनीस आहे. म्हणजे या प्रश्नात आपण कधी दुखापत झालेल्याच्या बाजूला असतो, कधी मालकाच्या. दोन्ही बाजूंनी उपयोगी पडेल अशी माहिती एकत्र करण्याचा आम्ही येथे प्रयत्न केला आहे.

ओझ्यावर उभे राहिलेले तांजोंग पगार

आज तांजोंग पगार म्हटले की गुओको टॉवर आणि कोरियन उपाहारगृहांची रांग आठवते. पण हा भाग वाढला तो पाठीवरच्या ओझ्यावर. तांजोंग पगार डॉक कंपनी १८६४ साली स्थापन झाली आणि १९०५ साली सरकारने ती ताब्यात घेतली. गोदीत कोळसा, तांदूळ आणि रबर यांची चढउतार चिनी आणि हिंदी मजुरांच्या खांद्यांवरून होत असे. नील रोडच्या तोंडाशी १९०३ साली बांधलेले जिनरिकिशा स्टेशन अजून उभे आहे. माणसांनी ओढायच्या रिक्षांची नोंदणी तिथे होई.

२३ जून १९७२ रोजी तांजोंग पगारच्या नव्या टर्मिनलवर पहिले कंटेनर जहाज लागले आणि खांद्यावरचे बरेचसे ओझे क्रेनवर गेले. पुढे क्रेनही हलल्या. २०१७ पर्यंत इथले काम पासिर पांजांगकडे नेण्यात आले, आणि २०२२ साली टुआस बंदराचे औपचारिक उद्घाटन झाले.

मात्र ओझे संपले नाही, त्याचे फक्त तुकडे झाले. जुलै १९८९ मध्ये तांजोंग पगारची जुनी दुकानघरे जतन करण्यासाठी राखीव झाली. त्यामुळे ती वाचली, पण त्यांचे अरुंद, उभे जिनेही तसेच राहिले. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात तांदळाचे पोते, तेलाचे डबे आणि बाटल्यांचे खोके आजही माणूसच चढवतो. हॉटेलात गाद्या उचलून चादरी बदलणे, कार्यालये हलवताना कपाटे व छपाईयंत्रे उतरवणे, पाण्याच्या बाटल्यांची खोकी दारापर्यंत पोचवणे, ही सगळी ओझ्याचीच कामे आहेत.

किती वजन उचलावे, याला काही माप आहे का? अमेरिकेतील ‘नायोश’ या सरकारी संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असतानाची मर्यादा २३ किलो धरली आहे. अनुकूल म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, चांगली पकड आणि अंग न पिळता. वस्तू जमिनीवरून उचलायची असेल, लांब धरायची असेल किंवा वळून ठेवायची असेल, तर मर्यादा झपाट्याने खाली येते. उभ्या जिन्यावर पोते चढवणाऱ्याला यातली एकही सवलत मिळत नाही.

कायदा काय देतो?

सिंगापूरचा १९७५ चा ‘वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ २००८ मध्ये ‘वर्क इन्ज्युरी कॉम्पेन्सेशन ॲक्ट’ झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा नवा कायदा १ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. इथे सगळे त्याला ‘विका’ म्हणतात.

या कायद्याचे मर्म असे की चूक कोणाची, हे विचारायचे नाही. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. नोकरी करताना, नोकरीमुळे अपघात झाला एवढे पुरते.

आपल्यापैकी अनेकांना वाटते की हा कायदा फक्त कामगारांचा. तसे नाही. २००८ पासून तो नोकरीच्या करारावर काम करणाऱ्या जवळजवळ सर्वांना लागू आहे. पगार कितीही असो, वय कितीही असो, नागरिक असो की परदेशी. एम्प्लॉयमेंट पासवर असलेल्या संगणक अभियंत्याने कार्यालयातला जड संच उचलताना पाठ दुखावून घेतली, तर तोही यात येतो. विम्याचा नियम वेगळा आहे. अंगमेहनतीचे काम करणाऱ्या प्रत्येकाचा, आणि इतरांपैकी महिना २,६०० डॉलर किंवा कमी पगार असलेल्यांचा विमा काढणे मालकाला सक्तीचे आहे. बाकीच्यांचा विमा नसला तरी भरपाईची जबाबदारी मालकावर राहतेच.

स्वतंत्र कंत्राटदार, घरकामगार आणि सैन्य-पोलिसांसारखी गणवेशधारी दले या कायद्याबाहेर आहेत. घरोघर सामान पोचवणाऱ्या प्लॅटफॉर्म कामगारांना १ जानेवारी २०२५ पासून वेगळ्या कायद्याने असेच संरक्षण मिळाले आहे.

भरपाई तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार, रजेचा पगार. बाह्यरुग्ण रजेचे पहिले १४ दिवस आणि रुग्णालयीन रजेचे पहिले ६० दिवस सरासरी मासिक कमाईनुसार पूर्ण पगार मिळतो. त्यापुढे अपघातापासून एक वर्षापर्यंत दोन तृतीयांश. डॉक्टरने ‘हलके काम’ लिहून दिले असेल आणि त्यामुळे कमाई घटत असेल, तर २०२० च्या बदलानंतर त्याचीही भरपाई मिळते.

दुसरा, उपचाराचा खर्च. १ नोव्हेंबर २०२५ पासून झालेल्या अपघातांसाठी ५३,००० डॉलरपर्यंत किंवा अपघातापासून एक वर्षापर्यंत, यांतले जे आधी पूर्ण होईल तिथपर्यंत.

तिसरा, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास एकरकमी रक्कम. अपंगत्वाची रक्कम सरासरी कमाई, वयानुसार ठरलेला गुणक आणि अपंगत्वाची टक्केवारी यांच्या गुणाकाराने निघते. पूर्ण अपंगत्वाला किमान १,१६,००० आणि कमाल ३,४६,००० डॉलर अशा मर्यादा आहेत. त्याही टक्केवारीने गुणायच्या. म्हणजे एक टक्का अपंगत्वाचे मोल ११६० ते ३४६० डॉलरच्या दरम्यान येते. टक्क्या-टक्क्यावर वाद का होतो, ते यावरून ध्यानात यावे.

भांडण कुठे लागते?

कायदा इतका स्वच्छ असताना दावे अडतात का? ओझ्याच्या दुखापतीत वादाच्या जागा ठरलेल्या आहेत.

*“अपघात झालाच नाही.”* ही पहिली आणि सर्वांत मोठी अडचण. समजा, एका उपाहारगृहात मंगळवारी सकाळी अकराला जिन्यावर पोते चढवताना एका मदतनिसाच्या पाठीत कळ आली. त्याने कोणाला सांगितले नाही, बाम चोळला आणि पाळी पूर्ण केली. गुरुवारी उठताच येईना, तेव्हा दवाखाना गाठला. डॉक्टरने विचारले, “किती दिवसांपासून दुखते?” तो म्हणाला, “दोन-तीन दिवस.” केसपेपरवर एवढेच उतरले, ‘पाठदुखी, दोन-तीन दिवस’. पोत्याचा उल्लेख नाही, जिन्याचा नाही, कामाचाही नाही. महिन्याभराने दावा उभा राहिला, तेव्हा विमा कंपनीच्या हातात तोच कागद होता.

आता दुसरा मदतनीस घ्या. तेच पोते, तोच जिना. पण त्याने तिथल्या तिथे मुकादमाला सांगितले, सोबत्याला दाखवले, फोनवरून मालकाला दोन ओळींचा निरोप धाडला आणि संध्याकाळी डॉक्टरला म्हणाला, “आज अकरा वाजता कामावर तांदळाचे पोते चढवताना पाठीत कळ आली.” दोघांची दुखापत एकच आहे. पहिल्याचा दावा डळमळतो, दुसऱ्याचा उभा राहतो.

कायद्यात कामगाराच्या बाजूने एक गृहीतक आहे. काम चालू असताना अपघात झाला, तर उलट पुरावा नसेपर्यंत तो कामामुळेच झाला असे मानतात. पण काम चालू असताना काहीतरी घडले, एवढे तरी आधी दाखवावे लागते. त्यासाठीच ही तारीख, वेळ आणि वस्तू यांची नोंद.

*“हे उचलण्याने झालेच नाही, जुने दुखणे आहे.”* ही दुसरी जागा. एमआरआय काढला की अहवालात बहुधा लिहिलेले असते, मणक्यातील चकतीची झीज. मग विमा कंपनी म्हणते, ही वयाची झीज, अपघात नव्हे.

इथे वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. ज्यांना पाठदुखीची तक्रारच नाही अशा लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या निरोगी माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांत आणि ऐंशीच्या घरातल्या सुमारे ९६ टक्क्यांत चकतीची झीज दिसते. हा आकडा दोन्ही बाजूंना कापतो. झीज दिसली म्हणून दुखणे अपघाताचे नाही, असे मालकाला म्हणता येत नाही, कारण झीज असूनही अनेकांना दुखत नाही. तसेच चकती पुढे आलेली दिसली म्हणून ती त्याच दिवशी आली, असे कामगारालाही म्हणता येत नाही. शेवटी प्रश्न उरतो तो इतकाच, की आदल्या दिवसापर्यंत हा माणूस हेच काम विनातक्रार करत होता का, आणि त्या क्षणानंतर काय बदलले?

या प्रकारच्या कायद्याचे मूळ ब्रिटनच्या १८९७ च्या कायद्यात आहे. हाच वाद तिथे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. ‘फेंटन विरुद्ध थॉर्ली’ या १९०३ च्या खटल्यात घट्ट बसलेले चाक फिरवताना जोर लावल्याने एका कामगाराला आंत्रगळ झाला. पडला नाही, घसरला नाही, मग अपघात कसला, असा मालकाचा सवाल होता. हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की अंगाच्या आत अनपेक्षितपणे झालेली इजाही अपघातच आहे. १९१० च्या ‘क्लोव्हर क्लेटन विरुद्ध ह्यूझ’ या खटल्यातला माणूस आधीच आजारी होता. त्याची रक्तवाहिनी इतकी फुगलेली होती की ती झोपेतही फुटू शकली असती. ती फुटली पान्याने नट आवळताना, आणि त्याच्या वारसांना भरपाई मिळाली. शरीर आधीच कमकुवत होते, एवढ्यावरून हक्क जात नाही, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

मात्र कोणतीही एक घटना नसताना पाठ हळूहळू दुखू लागली असेल, तर ‘अपघात’ दाखवणे खरोखरच कठीण जाते. ‘नेहमीच दुखते’ असे म्हणणाऱ्याचा दावा बहुधा इथे अडकतो.

*“तो आमचा नोकर नव्हता.”* एकाचे कंत्राट, दुसऱ्याचे उपकंत्राट, तिसऱ्याने पाठवलेला माणूस. ट्रकवर एकाचे नाव, पगार दुसऱ्याकडून. अशा वेळी पगाराची पावती, बँकेतली जमा, कामाचा परवाना आणि हुकूम कोण देत होते, याला महत्त्व येते.

*सरासरी कमाई कमी दाखवणे.* सरासरी अपघातापूर्वीच्या बारा महिन्यांच्या कमाईची असते आणि तीत ओव्हरटाइम धरतात. मूळ पगार तुटपुंजा आणि ओव्हरटाइम भरपूर, असे ज्यांचे असते, त्यांची रक्कम केवळ मूळ पगार धरल्यास खूपच खाली येते.

*टक्केवारी.* स्नायू ताणला आणि सहा महिन्यांत बरा झाला, तर कायमचे अपंगत्व शून्य टक्के येते. माणसाला वाकताना अजून भीती वाटते, रात्री कूस बदलताना कळ येते, तरी शून्य. वेदनेचे मोजमाप होत नाही, उरलेल्या हालचालीचे आणि तपासणीत दिसणाऱ्या इजेचे होते. हे आधीच माहीत असले, तर आशा आणि निराशा दोन्ही आवाक्यात राहतात.

दोन दिवसांची एम.सी.

या साऱ्यात डॉक्टरची चिठ्ठी, म्हणजे एम.सी., कळीची ठरते. पूर्वी सलग तीन दिवसांपेक्षा जास्त रजा मिळाली किंवा रुग्णालयात २४ तास राहावे लागले, तरच मालकाला अपघात मंत्रालयाला कळवावा लागे. त्यामुळे रजा थोडक्यात आटोपण्याकडे काहींचा कल राही. कंपनीचा माणूस रुग्णाबरोबर तपासणीच्या खोलीत जाऊन बसे आणि “याला हलके काम देऊ” असे डॉक्टरला सांगे, अशा तक्रारी परदेशी कामगारांसाठी झटणाऱ्या संस्थांनी वेळोवेळी मांडल्या.

२०१६ मध्ये उच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. हाताचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या बांधकाम कामगाराला डॉक्टरने फक्त दोन दिवसांची रजा दिली आणि पुढे हलके काम लिहिले. हलक्या कामाची सोय खरोखर आहे का, याची खात्री केली नाही. न्यायालयाने त्या डॉक्टरला सहा महिने निलंबित केले. रजा किती द्यायची ते रुग्णाच्या प्रकृतीवरून ठरते, मालकाच्या सोयीवरून नव्हे, हा त्या निकालाचा बोध.

१ सप्टेंबर २०२० पासून नियमही बदलला. कामावरील अपघातामुळे एक दिवसाची रजा किंवा नुसते हलके काम मिळाले, तरी मालकाने तो अपघात मनुष्यबळ मंत्रालयाला कळवलाच पाहिजे.

दाव्याची वाट

मालक अपघात मंत्रालयाला कळवतो. त्याने टाळाटाळ केली तर कामगार स्वतः कळवू शकतो. दावा अपघातापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. नोकरी सुटली किंवा परवाना रद्द झाला, तरी अपघात नोकरीत असताना झालेला असल्यास हक्क जात नाही. दावा चालू असताना परदेशी कामगाराला ‘स्पेशल पास’वर राहता येते. पण त्या काळात बहुधा कमाई नसते आणि घरून पैशांची विचारणा चालूच असते. पुष्कळ दावे पुराव्याअभावी नव्हे, तर या दमछाकीने सुटतात.

२०२० पासून विमा असलेले दावे विमा कंपनीच हाताळते. ती रकमेची नोटीस पाठवते. रक्कम मान्य नसेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यावी लागते. मुदत गेली की ती रक्कम पक्की होते. हरकत आली की आधी समेटाचा प्रयत्न, नंतर मंत्रालयात सुनावणी. तिच्यावर उच्च न्यायालयात अपील होते, पण केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर.

दुसरा रस्ता दिवाणी दाव्याचा आहे. त्यात मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, मुदत तीन वर्षांची असते आणि जिंकल्यास रक्कम मोठी मिळू शकते. पण ‘विका’ची भरपाई आणि दिवाणी दावा, दोन्ही हातांत घेता येत नाहीत. निवड विचारपूर्वक, वकिलाला विचारूनच करावी.

परदेशी कामगारांना या वाटेवर ‘ट्रान्झियंट वर्कर्स काउंट टू’, ‘होम’ आणि मायग्रंट वर्कर्स सेंटर या संस्था सल्ला व मदत देतात.

आपण मालक असतो तेव्हा

दिवाळीच्या फराळाच्या किंवा केटरिंगच्या धंद्यात आपण चार माणसे कामाला ठेवली, तर कायद्याने आपण मालक झालो. विमा नसणे हा गुन्हा आहे. त्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मालकाची बाजूही असते, खोटे दावे होतच नाहीत असे नाही आणि खोटा दावा करणे हाही गुन्हाच आहे. पण खऱ्याखोट्याचा निवाडा करण्याचा उत्तम उपाय म्हणजे त्याच दिवशी केलेली नोंद. ती मालकाचेही रक्षण करते.

घरकामाच्या बाईंची गोष्ट निराळी, आणि आपल्या घरांत ती सर्वांत जवळची. आजींना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणे, आंघोळीला नेणे, हे ओझे पन्नास-साठ किलोचे आहे आणि त्याला धरायला कडी नाही. घरकामगार ‘विका’त येत नाहीत. त्यांच्यासाठी मालकाने किमान ६०,००० डॉलरचा वैयक्तिक अपघात विमा काढायचा असतो. वैद्यकीय विम्याची किमान रक्कमही जुलै २०२३ पासून १५,००० वरून ६०,००० डॉलर झाली आहे. पण अपघात विमा मृत्यूला आणि कायमच्या अपंगत्वाला उपयोगी पडतो. पाठीत चमक भरली आणि आठ दिवस झोपून काढावे लागले, तर तिचा आधार आपणच. रजा आणि उपचार आपण द्यायचे. घरात उचलण्याचा पट्टा, आंघोळीची खुर्ची आणि दोन माणसांचा नियम ठेवला, तर वेळच येणार नाही.

आणि आपले मंडळ? गणेशोत्सवात मखर, सतरंज्या आणि स्पीकर उचलणारे स्वयंसेवक कोणाचे नोकर नसतात. म्हणून त्यांना हा कायदा लागू नाही. तेव्हा उत्साहाच्या भरात एकट्याने स्पीकर न उचलता ढकलगाडी वापरावी, ही कार्यकर्त्यांना आग्रहाची विनंती.

माथाड्यांच्या महाराष्ट्रातून आलेले आपण

ओझ्याचा कायदा हा विषय मराठी माणसाला परका नसावा. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. आण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतले माथाडी संघटित केले. त्या चळवळीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा, ही हमालांची वर्षानुवर्षांची मागणी होती.

माथाडी कायद्याने घातलेला पायंडा मोठा होता. हमालाला ठरलेला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीचे पोते, दुपारी दुसऱ्या. मग दुखापत झाली तर भरपाई कोण देणार? यावर तोड म्हणून कामगार व मालक दोघांचीही मंडळात नोंदणी ठेवली, मजुरी आणि लेव्ही मंडळामार्फत जाऊ लागली, आणि भरपाईचा कायदा नोंदणीकृत कामगारांनाही लागू केला. ‘तो आमचा नोकर नव्हता’ या सबबीला ते उत्तर होते. सिंगापूरने प्लॅटफॉर्म कामगारांसाठी २०२५ मध्ये जे केले, त्यामागेही तोच प्रश्न आहे.

भारतातला भरपाईचा मूळ कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. गावाकडच्या कोणाचा दावा चालू असेल, तर वकिलाला हे जरूर विचारावे.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखे

१. उचलताना कळ आली की काम थांबवा आणि तिथेच वरिष्ठाला सांगा. शक्य तर लेखी निरोप पाठवा.

२. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. कोणती वस्तू, कुठे, किती वाजता, हे सांगा आणि ते लिहिले गेले का ते पाहा.

३. जुने दुखणे असल्यास लपवू नका. लपवलेले उघडकीस आले की खरेही खोटे ठरते.

४. एम.सी., पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या आणि कामाच्या पाळ्यांचे तक्ते जपून ठेवा. सोबत्याचे नाव व फोन टिपून ठेवा.

५. न समजणाऱ्या कागदावर सही करू नका.

६. नोटीस आली की सर्वांत आधी तीवरची मुदत वाचा.

शेवटच्या दोन गोष्टींसाठी आम्हांला सभासदांकडून एक मदत हवी आहे. तांजोंग पगारच्या जिन्यांवर खोकी चढवणाऱ्यांपैकी अनेकांना इंग्रजी नोटीस वाचता येत नाही. आपल्याला येते. दुपारच्या जेवणाला ज्या उपाहारगृहात आपण नेहमी जातो, किंवा ज्याच्याकडून घरी तांदळाचे पोते येते, तिथला कोणी कमरेवर हात ठेवून चालताना दिसला तर दोन शब्द विचारा. हिंदीत विचारा, तमिळ किंवा बंगाली येत असेल तर त्या भाषेत विचारा. त्याच्याकडे एखादा कागद असेल तर वाचून दाखवा आणि मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून द्या. वकिली करण्याची गरज नाही. पाच मिनिटांच्या या कामाने कोणाचा वर्षभराचा औषधपाणी आणि पगार वाचू शकतो.

हा अंक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्यावा.